पिटातला हशा

पहिल्यांदा रंगमंचावर उभा राहिलो तेव्हा माझ्या वाट्याला एकंदर चार वाक्यं होती. स्पर्धेतलं नाटक, भूमिका कारकुनाची. तिसऱ्या वाक्याला माझ्या हातातली फाइल पडली. तालमीत ती पडायची नव्हती, मीच पाडली. उचलायला वाकलो आणि वाकल्या वाकल्याच उरलेलं वाक्य साहेबांच्या बुटांना उद्देशून म्हणून टाकलं. सभागृहात हशा पिकला. आयुष्यातला पहिला हशा पोटात कुठे जाऊन बसतो, ते ज्याने घेतलाय त्यालाच ठाऊक. चौथं वाक्य मी म्हटलं की गिळलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

विंगेत आलो तर दिग्दर्शक उभे. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. शाबासकी मिळणार म्हणून मी चेहरा तयार ठेवला होता. ते माझ्याकडे न बघता, पुढचा प्रवेश बघत, हळू आवाजात म्हणाले, "पिटातला हशा होता तो. पुन्हा घेऊ नकोस."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हे वाक्य मात्र कुसळासारखं रुतून बसलं, आणि त्यातही गंमत अशी की मला त्याचा अर्थच कळला नव्हता. अपमान झालाय एवढं आवाजावरून कळलं होतं. 'पिटातला' मला 'पिठातला' असं ऐकू आलं. हशाचा आणि दळणाचा काय संबंध, हे कुणाला विचारायचीही सोय नव्हती, कारण बाकीचे सगळे समजल्यासारख्या माना डोलवत होते. पुढे कळलं की त्यातल्या निम्म्यांनाही तो शब्द माहीत नव्हता. नाटकमंडळीत असे बरेच शब्द केवळ सुरावर चालतात.

अर्थ सांगायचा तर सोपा आहे. पिट म्हणजे नाट्यगृहातली तळमजल्यावरची स्वस्त जागा, आणि पिटातले प्रेक्षक म्हणजे तिथे बसून शिट्ट्या मारणारे, ढोबळ विनोदाला टाळ्या देणारे लोक. मराठीत नाटकाबद्दल लिहिणाऱ्यांनी हा शब्द भरपूर वापरला. अमुक नट पिटासाठी खेळतो, तमुक वाक्य पिटातल्या टाळ्यांसाठी टाकलंय. शब्द इंग्रजी, आणि तो आला इंग्रजी धर्तीच्या नाट्यगृहांबरोबर. मुंबईत ग्रँट रोडचं नाट्यगृह १८४६ मध्ये सुरू झालं आणि विष्णुदास भाव्यांच्या मंडळींनी तिथे १८५३ मध्ये प्रयोग केले. देवळाच्या अंगणात किंवा वाड्याच्या चौकात मांडी घालून बसणाऱ्या माणसाला अशा इमारतींत पहिल्यांदा तिकिटाच्या दराप्रमाणे जागा मिळाली, आणि जागेबरोबर नावही मिळालं.

मला खरी मौज वाटते ती पुढच्या गोष्टीची. आज आपल्याकडच्या नाट्यगृहांच्या आसनांच्या नकाशात पिट सापडणार नाही. तिकीट खिडकीवर 'दोन पिट द्या' म्हणालात तर समोरचा माणूस तुम्हाला वेड्यात काढेल. जागा गेली. 'पिटातला प्रेक्षक' मात्र अजून जिवंत आहे, समीक्षेत, गप्पांत, सरांच्या हळू आवाजात. ज्याला बसायला जागाच उरलेली नाही असा एक माणूस शब्दाच्या आधाराने दीडशे वर्षं शिट्ट्या मारतोय. त्या फाइल पाडण्याच्या प्रकरणानंतर बऱ्याच वर्षांनी मी त्याच्या मागे लागलो.

इंग्रजीतला पिट म्हणजे खड्डा. त्याचं मूळ लॅटिन 'पुतेउस' या शब्दापर्यंत नेतात, आणि त्याचा अर्थ विहीर. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात, ते हशाच्या बाबतीत अगदी खरं आहे. नट वरून दोर सोडतो, पाणी त्या आडातलंच असतं. पण नाटकाच्या इमारतीत खड्डा आला कुठून? याचं एक बोट कोंबड्यांच्या झुंजीकडे जातं. लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये झुंजींसाठी बांधलेली एक इमारत होती, तिचं नावच कॉकपिट. १६१६ मध्ये ख्रिस्तोफर बीस्टन नावाच्या नटाने ती घेऊन तिचं नाट्यगृह केलं. पुढच्याच वर्षी शिकाऊ कामगारांच्या जमावाने ते फोडलं, जाळलं. पुन्हा उभं राहिलं तेव्हा त्याला फिनिक्स म्हणू लागले, तरी लोकांच्या तोंडी कॉकपिट राहिलंच.

ही इमारत डोळ्यांसमोर आणून बघा. झुंजीच्या वेळी मधल्या खड्ड्यात कोंबडे आणि भोवती चढत्या बाकांवर माणसं. नाटक आलं आणि उलटापालट झाली. माणसं खड्ड्यात जाऊन बसली आणि झुंजणारे चौथऱ्यावर चढले. माझ्या मते इथेच नाट्यगृहाची निम्मी कथा आहे, पण ते असो.

एक चूक मी बरीच वर्षं करत होतो आणि बरेच जण करतात. शेक्सपिअरच्या ग्लोबमध्ये उभं राहून नाटक बघणाऱ्यांच्या जागेला मी बिनदिक्कत पिट म्हणायचो. १५९९ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या उघड्या नाट्यगृहात या जागेला 'यार्ड', म्हणजे अंगण म्हणत. एक पेनी दिली की अंगणात उभं राहायचं, आणखी एक दिली की सज्जात बसायचं. पिट हा शब्द छप्पर असलेल्या नाट्यगृहांचा. त्या बंदिस्त नाट्यगृहांत समोरच्या बाकांची जागा वरच्या सज्जांपेक्षा महाग होती. म्हणजे शब्द जन्मला तेव्हा तो पैसेवाल्यांचा शब्द होता!

याचा पुरावा एका माणसाच्या रोजनिशीत आहे. सॅम्युएल पीप्स हा लंडनमधला नौदलाच्या कचेरीतला अधिकारी, नाटकांचा व्यसनी. १ जानेवारी १६६८ ला तो लिहितो की पिटात आता शिकाऊ पोरं आणि हलकेसलके लोक अडीच अडीच शिलिंग मोजून येऊन बसतात. पुढे तो म्हणतो, मी नाटकं बघायला लागलो तेव्हा कितीतरी वर्षं बारा किंवा अठरा पेन्सांच्या जागेच्या वर गेलो नव्हतो, आणि तेवढेही जमवताना माझी ओढाताण होत असे. वाचताना मला त्याच्या पोटातली कळ स्पष्ट जाणवते. इतक्या वर्षांनी वरून खाली यायला मिळालं, तर शेजारी कोण? दुकानातला पोऱ्या! (याच पीप्सच्या अंगावर १६६१ मध्ये एका प्रयोगात पुढच्या बाईने चुकून मागे वळून थुंकलं होतं. बाई फार देखणी आहे हे दिसल्यावर आपल्याला काही वाटलं नाही, अशीही नोंद त्याने प्रामाणिकपणे केली आहे.) त्या काळातल्या लंडनमध्ये पिट ही रसिकांची, टीकाकारांची, शब्दावर शब्द टाकणाऱ्यांची जागा होती. नाटक पडणार की तरणार हे पिट ठरवत असे. सर तिथे असते तर पिटातच बसले असते.

अंगणात उभं राहणाऱ्यांना वेगळं नाव होतं, 'ग्राउंडलिंग'. हॅम्लेट नटांना सूचना देतो तेव्हा उगाच आरडाओरडा करून ग्राउंडलिंगांचे कान फोडणाऱ्या नटावर तो खवळतो. हा शब्द तेव्हा एका लहानशा माशाचंही नाव होता. पाण्याच्या तळाशी राहणारा मासा. चौथऱ्यावरून खाली बघणाऱ्या नटाला काय दिसत असेल त्याची कल्पना करा. माना वर, डोळे वटारलेले, तोंडं उघडी. नावात टिंगल आहेच, पण ज्याने कधी चौथऱ्यावरून खाली पाहिलंय त्याला त्यात निरीक्षणही दिसेल. आणि गंमत म्हणजे कानठळ्या बसवणाऱ्या नटाबद्दलची ती तक्रार त्या अंगणातल्या लोकांच्या तोंडावरच केली जात होती. तेही हसत असणार.

आता मला आवडणारी एक गोष्ट. 'पिठातला' असं मी ऐकलं होतं, ते अगदीच वाया गेलं नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात दुसरा अध्याय प्रेक्षागृहाचा आहे. लांबट, चौकोनी, त्रिकोणी असे तीन आकार, आणि माणसांसाठी योग्य म्हणून चौसष्ट हात लांब, बत्तीस हात रुंद हे माप. त्याहून मोठं बांधलं तर शब्द विरून जातो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, असं कारणही दिलंय. नाट्यगृह बांधायला घेणाऱ्याने हे भिंतीवर लिहून ठेवावं. त्यात प्रेक्षकांच्या जागेसाठी शब्द आहेत 'सोपानाकृति पीठकम्'. जिन्याच्या आकाराची, विटांची आणि लाकडाची बैठक, एकेक हात उंचीने चढत जाणारी, जिथून रंगपीठ दिसेल अशी. पीठ म्हणजे आसन. नट जिथे उभा राहतो ते रंगपीठ, आणि प्रेक्षक जिथे बसतो तेही पीठच. दोन्ही बाजूंना एकच शब्द. इंग्रजीने एकाला खड्ड्यात घातलं, दुसऱ्याला चौथऱ्यावर चढवलं. संस्कृतात दोघेही पिठावर.

लगेच छाती फुगवायचं कारण नाही. याच अध्यायात चार मुख्य खांब चार वर्णांच्या नावांचे आहेत, त्यांचे रंग वेगळे, आणि त्यावरून बसण्याच्या जागाही तशाच वाटल्या जात असाव्यात असं काही अभ्यासक मानतात. शिवाय बैठक सांगितली आहे ती खांबांच्या बाहेरच्या अंगाला. खांबाआड बसून नाटक बघायची परंपरा बरीच जुनी आहे म्हणायची. मी एक अख्खं तीन अंकी नाटक अशा खांबाआडून पाहिलंय. नायिका डावीकडून आत गेली की उजवीकडून बाहेर येईपर्यंत तिच्या काळजीत असायचो.

ग्रीकांचं 'थिएट्रॉन' आणि आपलं प्रेक्षागृह यांचा अर्थ शब्दशः एक आहे: बघायची जागा. सुरुवातीला थिएट्रॉन म्हणजे फक्त टेकडीच्या उतारावरची बसायची जागा. पुढे तो शब्द पसरत पसरत सगळ्या इमारतीचा आणि मग सगळ्या कलेचा झाला. म्हणजे थिएटर या थोर शब्दाच्या पोटात नट नाही, नाटक नाही, फक्त बसलेली माणसं आहेत. 'ऑर्केस्ट्रा'चं उलटं झालं. मुळात समूहाने नाचायची मोकळी गोल जागा. तिथे पुढे वादक बसू लागले, आणि अमेरिकेत तर तळमजल्यावरच्या खुर्च्यांनाच ऑर्केस्ट्रा म्हणतात. मराठी माणसाने तिथे तसं तिकीट काढलं तर वाजवायला बसवतील की काय, अशी शंका त्याला यायचीच.

जागेचं नाव माणसाला चिकटण्याचा खेळही जुना आहे. रोममध्ये इसवी सनापूर्वी ६७ साली कायदा झाला की नाट्यगृहातल्या पहिल्या चौदा ओळी 'एक्वितेस' वर्गासाठी, म्हणजे सरदार आणि श्रीमंत घराण्यांसाठी राखीव. सिनेटचे सभासद त्यांच्याही पुढे, अगदी सपाट अर्धगोलात. थोड्याच काळात 'चौदांत बसणे' हा वाक्प्रचार झाला आणि त्याचा नाटकाशी संबंध राहिला नाही. माणूस त्या वर्गातला आहे एवढाच अर्थ. सम्राट ऑगस्टसने आणखी कायदे करून बहुतेक बायकांना सर्वांत वरच्या ओळींत पाठवलं. कवी ओव्हिडचं नाट्यगृहातल्या बायकांबद्दलचं वाक्य प्रसिद्ध आहे, बघायला येतात आणि बघितलं जावं म्हणून येतात. ते वाचलं की मी मनात म्हणतो, अरे, त्यांना इतक्या वर बसवल्यावर त्यांनी दुसरं काय करायचं? तिथून नाटक दिसत असेल का?

वर चढत गेलं की नावं मजेदार होत जातात. इंग्रजीत सगळ्यात वरच्या, छताला टेकलेल्या गॅलरीला 'गॉड्स' म्हणतात. जर्मनीत 'ऑलिंप'. फ्रेंचांत 'पाराडी', म्हणजे स्वर्ग, आणि रशियनांनी त्याचंच लाडकं रूप केलं, 'रायोक', छोटासा स्वर्ग. स्वस्तातल्या माणसाला देव म्हणून टाकलं की त्याच्या गुडघ्यांना जागा नाही, वर धूर आणि उकाडा साचतो, नटाचा चेहरा दिसत नाही, या तक्रारी देवाने करायच्या नसतात. फ्रेंचांकडे त्याच जागेला दुसरं नाव आहे, 'पुलाये', कोंबड्यांचं खुराडं. स्पॅनिशमध्येही खुराडंच. इटालियनमध्ये कबुतरखाना. ही नावं अर्थातच खाली बसलेल्यांनी ठेवली. तळाशी राहिला तर मासा आणि वर गेला तर पाखरू. माणूस म्हणून बसायचं असेल तर मधली, महागाची जागा घ्यावी.

माद्रिदच्या जुन्या नाट्यगृहांत बायकांसाठी मागच्या बाजूला एक सज्जा असे. त्याचं नाव 'काझुएला'. अर्थ, मातीचं पातेलं. आत बायका इतक्या दाटीने भरत की त्यांना सरकवून आणखी जागा करायला एक माणूस नेमलेला असे, आणि त्याला 'आप्रेतादोर', दाबणारा, म्हणत. पातेलं आणि दाबणारा! नाटकाच्या इतिहासाच्या पुस्तकांत नाटककारांवर प्रकरणंच्या प्रकरणं असतात. या दाबणाऱ्यावर कुणीतरी एक ओळ तरी लिहायला हवी होती असं मला फार वाटतं.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत वरच्या बाल्कनीला गिधाडांच्या बसणीचं नाव होतं. तिथे काळ्या लोकांना बसवत आणि त्यांचं दार वेगळं, जिना वेगळा, कधी थेट बाहेरच्या गल्लीतून वर जाणारा. तिथे दर हा प्रश्नच नव्हता. खिशात पैसे असूनही खाली बसता येत नसे. पाखरांच्या बाकीच्या नावांवर हसता येतं, या नावावर येत नाही.

मधल्या महागाच्या जागांची नावं तशी निरस आहेत. बाल्कनी हा शब्द लाकडी तुळईच्या जुन्या जर्मानिक शब्दापासून निघाला. ड्रेस सर्कल म्हणजे जिथे संध्याकाळचा खास पोशाख करूनच यायचं तो कठडा. 'स्टॉल'वर मात्र मी थांबलो. मुळात स्टॉल म्हणजे उभं राहायची जागा. तबेल्यात एकेका घोड्यासाठी आडव्या फळ्या टाकून केलेली, आणि चर्चमध्ये गाणाऱ्यांसाठी हात टेकायला दांड्या असलेली. भाषेचे अभ्यासक त्याचं नातं संस्कृत 'स्थल'शीही लावतात. दोन्ही अंगांना हात टेकायला दांडी असलेली स्वतंत्र खुर्ची नाट्यगृहात आली तेव्हा तिला हे नाव मिळालं. हा दिमाखदार शब्द अर्धा तबेल्यातला आहे हे कळल्यापासून मला स्टॉलमध्ये बसताना जरा बरं वाटतं.

या स्टॉलनेच पिटाचा जीव घेतला. पण पिट मुकाट मेला नाही.

लंडनचं कॉव्हेंट गार्डन नाट्यगृह १८०८ मध्ये जळालं. वर्षभरात नवं बांधलं, खर्च अफाट झाला, आणि व्यवस्थापक जॉन फिलिप केंबल यांनी दर वाढवले. बॉक्स सहा शिलिंगांवरून सात, पिट साडेतीनवरून चार. शिवाय एक अख्खा मजला श्रीमंतांच्या खासगी बॉक्सांना दिला, आणि सगळ्यांत वरच्या गॅलरीची अशी कोंडी केली की तिथून नटांचे फक्त पाय दिसत. लोक तिला कबुतरांची खोपटी म्हणू लागले. १८ सप्टेंबर १८०९ ला पडदा उघडला आणि प्रेक्षक स्टेजकडे पाठ करून उभे राहिले. 'जुने दर! जुने दर!' दोन महिन्यांहून अधिक काळ, रात्रीमागून रात्र हे चाललं. शिंगं, घंटा, खुळखुळे, फलक. एकदा तर शवपेटी घेऊन आले. बाकांवर पाय आपटत नाचायचा एक खास नाचही निघाला. केंबलने डॅनियल मेंडोझासारखे मुष्टियोद्धे आणून बसवले; लोक आणखी चवताळले. या सगळ्या काळात वर नाटक चालूच होतं, ऐकू कुणालाच येत नव्हतं. शेवटी डिसेंबरात केंबलने माफी मागितली. बॉक्सचे सात शिलिंग राहिले, पिट पुन्हा साडेतीनवर आलं. अर्ध्या शिलिंगासाठी इतका हट्ट! माझा जीव त्या लोकांवर आहे. आपण मागे बसतो ते ठीक, पण फक्त पाय बघायचे पैसे देणार नाही, ही साधी मागणी होती.

मग जे दंग्यांनी झालं नाही ते खुर्च्यांनी झालं. एकोणिसाव्या शतकात पिटाच्या पुढच्या ओळी काढून तिथे महागाचे स्टॉल टाकायला सुरुवात झाली. दोन ओळी, मग चार, मग दहा. पिट मागे मागे सरकत वरच्या कठड्याच्या सावलीत गेला. आणि १८८० मध्ये हेमार्केट नाट्यगृह घेतलेल्या बँक्रॉफ्ट दांपत्याने तो पार काढूनच टाकला. पिटातल्या मंडळींची सोय वरच्या मजल्यावर केली. ३१ जानेवारीला पहिला प्रयोग, पडदा वर गेला आणि आरोळ्या सुरू झाल्या: 'पिट कुठे आहे?' स्क्वायर बँक्रॉफ्ट स्टेजवर येऊन उभे राहिले, वीसेक मिनिटं गोंधळ झाला, मग नाटक सुरू झालं. तळातला मासा त्या रात्री अधिकृतपणे पाखरू झाला.

'पिट कुठे आहे?' हा प्रश्न मी नंतर एकदा प्रत्यक्षात सोडवला. एका नाट्यगृहात प्रकाशयोजनेच्या कामाला मदत करत होतो. केबल ओढायला म्हणून स्टेजच्या पुढच्या कडेखालच्या खड्ड्यात उतरलो. ऑर्केस्ट्रा पिट, तेवढंच नाव आता उरलंय. जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वाग्नरने १८७६ मध्ये नाट्यगृह उघडलं तेव्हा हा खड्डा स्टेजच्या खालपर्यंत नेऊन प्रेक्षकांच्या नजरेआडच केला होता, आणि त्याला गूढ दरी असं भारदस्त नाव होतं. आमच्या दरीत मोडलेली दोन म्युझिक स्टँडं होती, एक बादली होती, आणि भिंतीवर कुणीतरी खडूने पाच पाचच्या रेघांत काहीतरी मोजलेलं होतं. वर तालीम चालू होती. मला नटांचे घोट्यापर्यंतचे पाय दिसत होते. नायक करारी आवाजात बोलत होता आणि त्याच्या डाव्या बुटाचा अंगठा सारखा वरखाली होत होता. वरून, मधून, लांबून कुणालाच तो दिसला नसता. त्याला वाक्य आठवत नव्हतं. खड्ड्यात बसलेल्याला ते त्याच्या आधी कळलं होतं, आणि खरंच दोन सेकंदांनी तो अडकला.

सरांना हे सगळं सांगायचं मनात होतं. पिट मुळात टीकाकारांचा होता हे तर नक्कीच. पण सरांशी बोलताना आपण सांगायला घेतलेली गोष्ट आपण विचारलेली शंका होऊन बसते.

मध्यंतरी एका प्रयोगाला त्यांना घेऊन गेलो. ऐंशीच्या पुढे आहेत. जिना चढवत नाही, आणि कानाला यंत्र असलं तरी दहाव्या ओळीनंतरचं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आयुष्यभर हा माणूस सभागृहाच्या शेवटच्या भिंतीला टेकून उभा राहिला. तिथे ऐकू आलं तरच वाक्य पास. त्या दिवशी मी पहिल्या ओळीतल्या दोन खुर्च्या घेतल्या होत्या, त्यांनी बसताना पुढच्या कठड्याला हात लावून बघितला. नाटक साधारण होतं. दुसऱ्या अंकात नोकराचं काम करणारा मुलगा कागदांचा गठ्ठा घेऊन आला, अडखळला, सगळे कागद उधळले, आणि ते गोळा करता करता साहेबांच्या पायांत शिरला. मी श्वास धरून बसलो. शेजारून पहिल्यांदा खोकल्यासारखा आवाज आला. मग सर हसले. खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, सभागृहातल्या सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या नंतरपर्यंत. मुलाने आवाजाच्या दिशेने चटकन खाली बघितलं.

मी सरांकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले, यंत्र नीट बसवलं.

"काय करणार," ते म्हणाले, "तू खुर्चीच पिटातली घेतलीस."